चौसष्ट बाइटांचा सातबारा

एकाच कम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदवायच्या, म्हणजे ड्युअल बूट, हा लिनक्सवेड्या पोरांनी काढलेला उद्योग आहे असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात त्याचं कूळ आयबीएमच्या घरात सापडतं.

१९८१ साली आयबीएमने पीसी जाहीर केला तोच डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम अशा तीन पर्यायांसह. फ्लॉपीच्या काळात भांडण नव्हतं. जी घालाल ती चालू. पण १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला आणि त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क पक्की बसलेली. मग वाटणी आलीच. डॉस २.० ने ती डिस्कच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये नोंदवली. ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, शेवटचे दोन खुणेला, आणि मधल्या ६४ बाइटांत डिस्कचा सातबारा: कोणाचा तुकडा कुठून कुठवर, आणि यंत्र सुरू होताना कोणाला उठवायचं. एका नोंदीला १६ बाइट, म्हणून तुकडे चारच. दुसरी सिस्टिम हवी असेल तर एफडिस्क चालवायचं, ‘सक्रिय’ची खूण हलवायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. कंजूष रचना खरी, पण परक्यालाही जागा ठेवणारी.

लिनक्स याच जागेत वाढलं. हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स १९९१ मध्ये ते मिनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बसून लिहीत होते. एकदा मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कलाच फोन लावण्याची आज्ञा गेली आणि मिनिक्सचा तुकडा बिघडला. मग मिनिक्स पुन्हा घालण्याऐवजी त्यांनी लिनक्सलाच स्वतःच्या पायावर उभं केलं.

सुरू होतानाच सिस्टिम निवडायची सोय लिनक्सवाल्यांना वेर्नर आल्मेसबर्गर यांच्या लिलोने दिली. पडद्यावर ‘एल, आय, एल, ओ’ ही अक्षरं टप्प्याटप्प्याने उमटत. गाडी ‘एल आय’वर अडली की जाणकाराला बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते कळे. पुढे याच कामासाठी ग्रब आला, आणि आता यूईएफआय या नव्या बूट-पद्धतीच्या तक्त्यात साधारणपणे १२८ तुकड्यांची सोय असते.

जुनी एक खोड मात्र टिकून आहे. यंत्रातल्या घड्याळात विंडोज, डॉसच्या वळणाने, स्थानिक वेळ ठेवतं. लिनक्स सहसा जागतिक वेळ. म्हणून लिनक्स वापरून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं, तर मदरबोर्डची बॅटरी बदलायला धावू नका. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगा.