शिरूर-दौंडची जमीन आणि सतरावी दुरुस्ती

घटनादुरुस्त्यांचा इतिहास आपल्याकडे बहुतेकदा दिल्लीत उभे राहून सांगितला जातो. एका बाजूला संसद, दुसऱ्या बाजूला सर्वोच्च न्यायालय. १९५१ ची पहिली दुरुस्ती, १९६७ चा गोलकनाथ निकाल, १९७३ चा केशवानंद भारती निकाल, १९७६ ची बेचाळिसावी आणि १९७८ ची चव्वेचाळिसावी दुरुस्ती हे सारे कुस्तीतल्या डाव-प्रतिडावांसारखे मांडले जाते. या झगड्याच्या मुळाशी मोठ्या प्रमाणात शेतजमीन होती, हे सांगता सांगता मागे पडते. शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या बाजूने हाच इतिहास वाचला, तर कोणती दुरुस्ती मोठी आणि कोणती छोटी याचा हिशेब बदलतो. माझे म्हणणे असे की, जमीन स्वतः कसणाऱ्या इथल्या लहान शेतकऱ्याला घटनेने दिलेले सर्वांत मोलाचे संरक्षण १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीतल्या एका परंतुकात आहे. गाजलेल्या निकालांच्या गर्दीत त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

हे परंतुक कळण्यासाठी मागे, १८७४-७५ पर्यंत जावे लागते. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला, आणि त्यातून गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची शेते कसायची नाहीत, त्यांची चाकरी करायची नाही, असे ठरले. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात वणवा पेटला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजचा दौंड तालुका त्याच जुन्या भीमथडीचा भाग. लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरले आणि ९५१ माणसे पकडली गेली. दंगेखोरांनी नेमके काय जाळले, ते नीट पाहावे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांचीच मुदत दिली होती. कुणब्याला दिलासा मिळावा हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिळवून नवा कागद लिहिला जाऊ लागला, आणि त्या कागदावर अंगठा उठवणाऱ्याला त्यातले एक अक्षरही वाचता येत नसे. कोर्ट कागदच पाहत असे. म्हणून लोकांचा राग त्या कागदावर निघाला.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कर्जरोख्यामागचा मूळ व्यवहार तपासायचा अधिकार त्याने न्यायाधीशाला दिला, हप्ते बांधून देण्याची सोय केली. त्या काळाच्या मानाने हे धाडसाचे पाऊल होते. पण तो मायबाप सरकारने दिलेला दिलासा होता. ज्या विधिमंडळात कुणब्याचा आवाज नव्हता, त्याने तो दिला होता आणि तेच तो काढूनही घेऊ शकत होते. जमिनीवरचा हक्क कुठल्याही सरकारला सहज पुसता येणार नाही अशा जागी लिहिला जाण्यासाठी आधी संविधान यावे लागले.

संविधान आले, पण त्याचा पहिला उपयोग झाला तो जमीनदारांना. मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने समानतेच्या हक्काचा आधार घेऊन बिहारचा जमीनसुधारणा कायदा रद्द ठरवला. त्यावर उपाय म्हणून जून १९५१ मध्ये पहिली दुरुस्ती झाली. जमीनसुधारणेच्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे होणाऱ्या आव्हानापासून वाचवण्यासाठी तिने अनुच्छेद ३१-क, ३१-ख आणि नववी अनुसूची आणली. त्या अनुसूचीत सुरुवातीला तेरा कायदे होते, आणि बिहारपाठोपाठ दुसऱ्याच क्रमांकावर १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा होता. म्हणजे शिरूर-दौंडच्या कुळांचा कायदा पहिल्याच दुरुस्तीने घटनेच्या आश्रयाला आला. १९५६ मध्ये या कायद्यात आमूलाग्र बदल झाला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कूळ कायद्यानेच जमिनीचे खरेदीदार मानले गेले. किंमत जमिनीच्या सारा-आकाराच्या वीस ते दोनशे पट. जमीनमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५८ च्या श्रीराम राम नारायण मेढी खटल्यात न्यायालयाने हा बदल ३१-क च्या आधारे टिकवला. ही भिंत नसती तर किंमत ठरवणारी कलम ३२-ग खालची चौकशी आणि खरेदीचे ३२-म चे प्रमाणपत्र हे सारे वर्षानुवर्षे कोर्टात अडकून पडले असते, असे मानायला भक्कम आधार आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. दुरुस्तीने कागदावर हक्क दिला, पण गावात काय झाले? वि. म. दांडेकर आणि खुदनपूर यांनी गोखले संस्थेतर्फे केलेली कूळकायद्याची पाहणी १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. कित्येक कुळांनी ‘स्वखुशीने’ राजीनामे देऊन जमिनी सोडल्याचे त्यांना आढळले. मालक गावातच, बहुधा नात्यातला किंवा वतनदार. त्याच्या उंबऱ्यावर उभे राहून कुळाने दिलेला राजीनामा किती स्वखुशीचा असेल, याची कल्पना कुणालाही करता येईल. आक्षेप खरा आहे. पण त्यावरून घटनादुरुस्ती निरुपयोगी ठरत नाही. ज्यांची नावे पीकपाहणीत टिकली त्यांना पुढे हक्क मिळाला, आणि तो हिसकावण्याचा घटनेचा मार्ग मालकाला उरला नाही. मला या आक्षेपापेक्षा त्याच्या शेजारचा एक प्रश्न अधिक टोचतो. मालकांमध्येही पाच-दहा एकरवाले होते, सैन्यात गेलेले होते, विधवा होत्या. विधवा आणि अज्ञान मालकांसाठी कायद्याने मुदत वाढवली, तरी किंमत बाजारभावाच्या जवळपासही नव्हती. सरंजामदार आणि पाच एकरवाला यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होते, आणि पहिल्या दुरुस्तीत त्यावर काहीही उत्तर नव्हते.

ते उत्तर सतराव्या दुरुस्तीत मिळते. १९५९ च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने सहकारी शेतीचा ठराव केल्यावर जमिनी जाणार ही भीती शेतकऱ्यांत पसरली होती. पुढे केरळच्या एका खटल्यात रयतवारी जमीन ३१-क मधल्या ‘इस्टेट’ या व्याख्येत बसत नाही असे न्यायालयाने ठरवले. मुंबई राज्यातल्या जमिनींना ही अडचण नव्हती, कारण १८७९ च्या जमीन महसूल संहितेची व्याख्या मुळातच व्यापक होती आणि मेढी खटल्यात ती मान्य झालेली होती. इतर राज्यांतली अडचण दूर करण्यासाठी १९६४ मध्ये रयतवारी जमिनीही या व्याख्येत घेण्यात आल्या. नवव्या अनुसूचीत ४४ कायदे वाढले. त्यांत महाराष्ट्राचा १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदाही होता. याच दुरुस्तीने ३१-क मध्ये दुसरे परंतुक घातले: जो स्वतः जमीन कसतो, त्याची कमाल मर्यादेच्या आतली जमीन राज्याने घ्यायची असेल, तर कायद्यात किमान बाजारभावाइतक्या मोबदल्याची तरतूद असलीच पाहिजे. मर्यादेवरच्या जमिनीला ही हमी नाही. मोठा धारक आणि कसणारा लहान शेतकरी यांच्यात घटनेने इतकी स्पष्ट रेघ इथे ओढली, आणि तिच्या एका बाजूला हक्क ठेवला. दौंडचे कालव्याखालचे रान असो की शिरूरची जिरायत, बहुतेक खातेदार या रेघेच्या आतच बसतात. १९७५ च्या सुधारणेनंतरही कमाल मर्यादा बारमाही, दोन पिकांच्या पाण्याखाली १८ एकर आणि जिरायतीला ५४ एकर इतकी राहिली.

या परंतुकाची मर्यादाही त्याच दुरुस्तीत दडलेली होती. १९७७ च्या दत्तात्रय गोविंद महाजन खटल्यात महाराष्ट्रातल्या धारकांनी असा मुद्दा मांडला की, कमाल मर्यादा कुटुंबाला धरून ठरवल्यामुळे व्यक्तीची मर्यादेतली जमीन बाजारभावाशिवाय जाते, आणि हा परंतुकाचा भंग आहे. न्यायालयाने तो फेटाळला. भंग झालेला नाही, आणि झाला असता तरी कायदा नवव्या अनुसूचीत असल्याने ३१-ख त्याला वाचवते, असे न्यायालय म्हणाले. एका हाताने दिलेला हक्क दुसऱ्या हाताने निष्प्रभ करता येतो, हे इथे उघड झाले. पुढे तर नववी अनुसूची जमीनसुधारणेपुरती उरलीच नाही. आणीबाणीत मिसाचा स्थानबद्धता कायदासुद्धा तिच्यात नेऊन ठेवला गेला. म्हणून दुरुस्तीचा अधिकार अमर्याद असावा, हे म्हणणे मला मान्य नाही. २४ एप्रिल १९७३ नंतर, म्हणजे केशवानंद निकालानंतर, अनुसूचीत घातलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीवर तपासले जातील, हे १९८० च्या वामनराव खटल्यात ठरले. तो खटलाही महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्यावरचाच होता. त्याने पहिल्या दुरुस्तीचे जमिनीचे काम राखले आणि पुढच्या गैरवापराला चाप लावला. दोन्ही गोष्टी एकाच निकालात झाल्या, हे मला महत्त्वाचे वाटते.

चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद १९(१)(च) आणि ३१ काढून टाकले, ३००-क आणले आणि संपत्तीचा मूलभूत हक्क संपवला. त्यामुळेच शेतकरी उघडा पडला, असा समज आता पक्का झाला आहे. इथल्या रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक क्षेत्रांसाठी जमिनी गेल्या, त्या या बदलानंतर. त्यामुळे हा समज इथे विशेष रुजलेला दिसतो. तो अर्धाच खरा आहे. विधेयकासोबतच्या उद्देशपत्रातच म्हटले होते की, मर्यादेतली जमीन स्वतः कसणाऱ्याचा बाजारभावाने मोबदला मिळण्याचा हक्क अबाधित राहील. ३१-क चे परंतुक तसेच राहिले आणि आजही आहे. अडचण बाजारभाव मोजण्याच्या रीतीत होती. मोबदला ठरे नोंदवलेल्या खरेदीखतांवरून, आणि मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खरेदीखतात रक्कम कमी दाखवण्याची रीत सर्वत्र होती. १८७५ मध्ये कागदावरची रक्कम खऱ्यापेक्षा फुगलेली असे. शंभर वर्षांनी ती खऱ्यापेक्षा आकसलेली होती. दोन्ही वेळा नुकसान शेतकऱ्याचेच झाले. १९८४ मध्ये मोबदल्यावरची दिलासा रक्कम १५ वरून ३० टक्के झाली आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ती १०० टक्के केली. या दोन्ही गोष्टी साध्या कायद्याने झाल्या.

परंतुकाच्या बाहेर कोण राहिले, हेही सांगितले पाहिजे. ‘स्वतः कसणे’ यात आपल्या देखरेखीखाली मजूर लावून कसणेही धरले जाते. त्या मजुराला मात्र या हमीत जागा नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेला वाटेकरी, भूमिहीन शेतमजूर यांना जमीन गेल्यावर घटनेकडून काहीच मिळत नाही. २०१३ च्या कायद्याने अशा माणसांना बाधित कुटुंबांत गणले. तो साधा कायदा आहे. साध्या बहुमताने त्यात बदल होऊ शकतो, आणि समवर्ती सूचीतला विषय असल्याने राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्येही त्याला मुरड घालू शकतात. करड्याच्या खातेदाराचा मोबदला मोडायचा तर संसदेत दोन-तृतीयांश बहुमत लागेल. त्याच्या रानात राबणाऱ्याच्या मोबदल्यासाठी तेवढे लागणार नाही.