फोरॅमिनिफेरा

नाव उच्चारायला जड, पण फोड केली की सोपं. लॅटिनमध्ये 'फोरामेन' म्हणजे छिद्र आणि 'फेरे' म्हणजे धारण करणे. फोरॅमिनिफेरा म्हणजे छिद्रधारी. फ्रेंच निसर्गअभ्यासक आल्सीद दॉर्बिन्यी यांनी १८२६ मध्ये हे नाव दिलं. या सागरी जीवांच्या वाळूच्या कणाएवढ्या कवचांत एकापुढे एक कप्पे असतात आणि मधल्या पडद्यांना भोकं. नावात आहेत ती हीच भोकं. घाटावरून मात्र हे जीव ऑक्टोपसच्या जातकुळीतले असावेत, असा दॉर्बिन्यींचा समज झाला. ते अगदी साधे एकपेशीय जीव असल्याचं फेलिक्स द्युजार्दँ यांनी १८३५ मध्ये दाखवून दिलं. कुळी चुकली, नाव टिकलं.

जीव मेला की कवच समुद्रतळाशी गाळात साचतं. अरबी समुद्रातली 'ग्लोबिजेरिना बुलॉइडिस' ही जात घ्या. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहिले की ओमानच्या किनाऱ्यालगत खोलवरचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि ही जात फोफावते. तळातून नळीने उपसलेल्या गाळाच्या ज्या थरात तिचं प्रमाण जास्त, तो काळ जोरकस मोसमी वाऱ्यांचा. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले अभ्यासकही असल्या कवचांवरून जुन्या पावसाळ्यांचा माग काढतात. आपल्या हवामान खात्याचं वय जेमतेम दीडशे वर्षं. या छिद्रधाऱ्यांचं दप्तर लाखो वर्षं मागे जातं.