मोकळा तीर

भूमध्य समुद्राच्या एखाद्या शांत किनाऱ्यावरील सार्वजनिक पुळणीवर गेलेल्या माणसास तेथे कोणी नावगाव विचारीत नाही, की पैसा मागत नाही. लाट येते, पाय भिजविते आणि परत जाते. असा मोकळा तीर ही निसर्गाचीच देणगी होय, असे आपणांस सहज वाटते. परंतु इतिहास पाहू गेल्यास तीर निसर्गाने घडविला असला, तरी त्याचा मोकळेपणा मनुष्यासच घडवावा लागला, असे दिसून येते.

रोमन बादशहा जस्टिनियन याच्या आज्ञेने इ. स. ५३३ मध्ये जो कायद्याचा पाठ्यग्रंथ सिद्ध झाला, त्यात हवा, वाहते पाणी, समुद्र व समुद्रतीर ही निसर्गनियमाने सर्वांची आहेत, असे सांगितले आहे. तत्त्व उदात्त खरे. तथापि त्याच ग्रंथात गुलामगिरीही आहे. ती निसर्गाविरुद्ध असल्याचे मान्य करूनही सर्व राष्ट्रांची रूढी म्हणून तिला जागा दिलेली आहे. ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ त्या काळीही पुरता ठरलेला नव्हता. पुढे शतके लोटली, तरी तेच तत्त्व पुनः पुनः लिहावे लागले. फ्रान्सने १९८६ मध्ये व स्पेनने १९८८ मध्ये किनाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदे केले. आणि इटलीत, जेथे भाड्याच्या खुर्च्या व छत्र्या यांच्या रांगांनी पुळणी व्यापल्या आहेत, तेथे पाण्यापर्यंतची वाट फुकट असली पाहिजे, हे २००६ साली कायद्याने बजावावे लागले.

आमच्या खंडाळ्यास समुद्र नाही. उत्तरेस शिरवळकडे नीरा वाहते. दक्षिणेस खंबाटकीचा घाट उतरला की वाईची कृष्णा भेटते. नदीचा घाट हीच आमच्या देशावरील पुळण. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये वाईस ढोल्या गणपतीचे देऊळ बांधिले. पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे. मेणवलीस नाना फडणविसांचा घाट चंद्रकोरीसारखा पाण्यास बिलगला आहे, आणि १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली घंटा तेथे आजही टांगलेली आहे. या पायऱ्यांवर बसून कृष्णेचा संथ प्रवाह पाहताना चित्त प्रसन्न होते. श्रीमंतांनी द्रव्य वेचिले आणि ते लोकांच्या स्नानासाठी वेचिले, याविषयी त्यांची थोरवी मान्य केलीच पाहिजे. परंतु कोणत्या लोकांच्या?

या प्रश्नाचे उत्तर याच सातारा जिल्ह्यात १९०१ साली एका नऊ वर्षांच्या मुलास मिळाले. वडील खटाव तालुक्यातील गोरेगावास नोकरीवर. त्यांच्या भेटीसाठी भावंडे साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली व तेथून बैलगाडीने निघाली. जवळ शिदोरी होती, पण पाणी नव्हते. वाटेतल्या नाक्यावर त्यांनी पाणी मागितले. ते मिळाले नाही. पाण्यावाचून घास उतरेना, म्हणून मुले उपाशीच निजली. त्या मुलाचे नाव भीमराव आंबेडकर.

खंडाळा तालुक्यानेच या इतिहासास दुसरेही एक नाव दिले आहे. नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. १८६८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. त्यांच्यापाशी कायद्याचे बळ नव्हते, राजाज्ञा नव्हती. हौद तेवढा आपला होता. जे हाती होते तेच त्यांनी मोकळे केले.

सरकारी पाणवठे खुले व्हावयास मात्र अजून पंचावन्न वर्षे जावी लागली. सीताराम केशव बोले यांचा तत्संबंधीचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने १९२३ मध्ये संमत केला व महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. पण कागदावर मोकळे झालेले पाणी ओंजळीत येईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी सहस्रावधी अनुयायांसह ते पाणी प्राशन केले. त्यांवर हल्ला झाला, तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव परत घेतला. वाद मुंबई हायकोर्टापर्यंत जाऊन १९३७ च्या मार्चमध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव व रस्ते यांच्याबरोबरच स्नानाच्या घाटांचा स्पष्ट उल्लेख आहे; धर्म वा जात पाहून कोणास तेथून दूर ठेविता येणार नाही. घटनेसारख्या गंभीर लेखात नदीच्या पायऱ्यांचे नाव कशासाठी, असे एखाद्यास वाटेल. परंतु मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, हे आठविले म्हणजे तो शब्द तेथे का हवा होता, हे कळते.

म्हणून वाचकांनी कृष्णाकाठी जावे, मेणवलीच्या पायरीवर बसावे, पाण्यात पाय सोडावे. आपल्या शेजारी कोण येऊन बसले आहे, हे विचारण्याचे कारण पडत नाही, यातच त्या तीराचे खरे सौंदर्य आहे. दगड रास्त्यांनी व फडणविसांनी बसविले. घाट पुरा व्हावयास मात्र आणखी दीड-दोनशे वर्षे लागली.