दोन हात, दोन शस्त्रें

दोन्ही हातांत उपसलेल्या तलवारी घेऊन शत्रूंच्या गर्दींत शिरलेला वीर आपण चित्रांत व रंगभूमीवर पुष्कळदां पाहतों. शस्त्रें दोन झालीं म्हणजे मारही दुप्पट होत असेल, असें सहज वाटतें. ज्यांनीं ही विद्या स्वतः शिकविली, त्यांचें म्हणणें मात्र निराळें आहे.

सोळाव्या शतकांत इटलींतील प्रतिष्ठित नागरिकाच्या कंबरेला लांब तलवार व खंजीर असे. ढाल बाळगून रोज शहरांत हिंडणें गैरसोयीचें. म्हणून प्रसंग ओढवला, तर डाव्या हातांतील खंजिरानेंच ढालीचें काम करावयाचें. त्यानें शत्रूचें पातें अडवावयाचें आणि त्याच क्षणीं उजव्या हातानें तलवार भोसकावयाची. खंजीर आंखूड असल्यामुळें तो तलवारीच्या आड येत नाहीं.

दोन सारख्या लांबीच्या तलवारी चालविणें याहून अवघड. जाकोमो दि ग्रासी यानें १५७० सालीं व्हेनिसमध्यें छापलेल्या आपल्या ग्रंथांत तीही विद्या सांगितली आहे. परंतु डावा हात उजव्याइतकाच तयार नसेल, तर तिच्या वाटेस जाऊं नये, असें तो बजावतो. शिवाय हीं शस्त्रें तालमींत व द्वंद्वांत मान्य असलीं, तरी युद्धांत वापरीत नाहींत, हेंही तो लपवीत नाहीं. दोन्ही हात सारखे चालत, म्हणून अर्जुनाला ‘सव्यसाची’ म्हटलें. अशा हातांना वेगळें नांव द्यावें लागलें, यावरूनच ते किती विरळा हें दिसतें.

जपानांत मियामोतो मुसाशी यानें तर आपल्या पंथाचें नांवच दोन तलवारींवरून ठेविलें. तेथील योद्धे एकच लांब तलवार दोन्ही हातांनीं धरीत. घोड्यावर, चिखलांत, चढणीवर किंवा डाव्या हातांत धनुष्य असतांना तें कसें साधावें, असा त्याच्या ग्रंथाचा सवाल आहे. १६४५ सालीं, मृत्यूच्या थोडें आधीं, त्यानें हा ग्रंथ पुरा केला. दोन तलवारींचा अभ्यास त्यानें सांगितला, तो मुख्यतः एकेक हात समर्थ व्हावा म्हणून. एका हातानें भागत नसेल, तर दोन्ही हात लावण्यास त्याची हरकत नाहीं.

मनुष्याला हात दोन असले, तरी प्रत्येक घावामागें पाय, कंबर व नजर यांचें बळ लागतें, आणि तें एका वेळीं एकाच घावाला पुरतें. म्हणून दुसरें शस्त्र उपयोगी पडलें तें बहुधा ढालीच्या जागीं. पुढें सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत हलकी व आंखूड तलवार रूढ झाली. अडविणें व भोसकणें हीं दोन्ही कामें एकच पातें चपळाईनें करूं लागलें, आणि डाव्या हातांतील खंजीर हळूहळू मागें पडला.