नेमणूक की निवड? जालन्यातल्या शाळा समित्यांची गोष्ट

मंडळी, विषय तसा छोटा वाटेल: गावातल्या शाळेच्या समितीवर कोण बसतं, आणि त्याला तिथं कोण बसवतं? पण आपल्या भागात या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो आधी बघू.

१९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या शाळा मंडळांकडे आला. मताधिकार मर्यादित होता, पण जाब विचारायला माणूस जवळ होता. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. शिक्षणखात्याचा हुकूम हैदराबादेहून सुटायचा. १९४८ मध्ये ते राज्य गेलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता. स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ ला. सत्ता अशी टप्प्याटप्प्याने जवळ येत गेली. पालकाच्या दारापर्यंत मात्र ती आली नव्हती.

ते काम १ एप्रिल २०१० ला लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने केलं. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. महाराष्ट्रात पालक सदस्य पालकसभेतून निवडायचे, अध्यक्ष त्यांच्यातूनच घ्यायचा, आणि दर दोन वर्षांनी समिती नव्याने करायची.

आता तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून एक भेद सांगतो. नेमलेला माणूस नेमणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. निवडलेला माणूस निवडणाऱ्याला बांधील असतो. यादी आधी कुणाच्या तरी ओसरीवर ठरली आणि सभेत फक्त वाचून दाखवली, तर कागदावर ती निवड, प्रत्यक्षात नेमणूकच. स्त्रियांच्या जागा भरल्या, पण बोलतात त्यांचे नवरे, असं झालं तरी तेच.

आणि बघा, सभेची तारीखसुद्धा सत्ता असते. घनसावंगी, मंठा, परतूर या भागातून कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात पालकसभा घेतली, तर नियम पाळूनही ज्यांच्या मुलांची शाळा सुटण्याचा धोका सर्वांत जास्त, तेच पालक बाहेर राहतात. त्यांच्यासाठी कायद्यात राखलेली जागा मग दुसरंच कुणी भरतं.

म्हणून तीन गोष्टी विचारायच्या. सभेची सूचना पालकांना किती दिवस आधी मिळाली? हजेरीवर सह्या कुणाच्या? इतिवृत्तात नावं कुणी सुचवली, कुणी अनुमोदन दिलं, हे लिहिलंय का? जिल्हा परिषदेच्या शाळेचं हे दप्तर माहिती अधिकाराखाली २००५ पासून कुणालाही मागता येतं. त्यासाठी वकील लागत नाही. साध्या कागदावरचा अर्ज पुरतो.

समितीची मुदत दोनच वर्षांची आहे. तुमच्या गावातली पुढची पालकसभा कधी आहे, एवढं आज घरी जाऊन विचारा.