शाळेचा यू-डायस कोड कसा शोधावा आणि नव्या शाळेला तो कसा मिळतो?

देशातील प्रत्येक शाळेला ११ अंकी ओळख क्रमांक असतो. त्याला यू-डायस कोड म्हणतात. शाळा बदलताना, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना किंवा शाळेची माहिती पडताळताना हा क्रमांक लागतो. नागपूर जिल्ह्यातील शाळांच्या उदाहरणावरून तो समजून घेऊ.

कोडची रचना

पहिले २ अंक राज्याचे, पुढचे २ जिल्ह्याचे, त्यानंतरचे २ तालुका किंवा गटाचे, पुढचे ३ गाव किंवा वॉर्डाचे आणि शेवटचे २ त्या शाळेचे असतात. महाराष्ट्राचा क्रमांक २७ आणि नागपूर जिल्ह्याचा ०९, म्हणून नागपूरच्या शाळांचा कोड २७०९ ने सुरू होतो. शेजारच्या वर्ध्याचा २७०८ ने, तर भंडाऱ्याचा २७१० ने. सुरुवातीचे चार अंक जुळत नसतील, तर कोड लिहिताना चूक झाली आहे किंवा तो दुसऱ्या जिल्ह्यातील शाळेचा आहे.

कोड कुठे सापडतो?

सर्वात आधी घरातली कागदपत्रे पाहावीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि बऱ्याचदा प्रगतिपुस्तकावर तो छापलेला असतो. नसेल तर मुख्याध्यापकांकडे विचारावे.

केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' या विभागात लॉगिन न करता शोध घेता येतो. तिथे शाळांची नावे इंग्रजी स्पेलिंगमध्ये असतात आणि एकच नाव अनेक प्रकारे लिहिलेले आढळते. एकाच संस्थेच्या शहरात अनेक शाळा असतात, तर जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा गावाच्या नावानेच ओळखल्या जातात. त्यामुळे नावापेक्षा पिनकोड किंवा जिल्हा-तालुका निवडून शोधणे सोपे जाते. शाळा सापडल्यावर पत्ता, व्यवस्थापन आणि वर्ग ताडून पाहावेत.

कोणते क्रमांक वेगळे आहेत?

दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी राज्य मंडळ शाळेला वेगळा इंडेक्स क्रमांक देते. नागपूर विभागीय मंडळाच्या अखत्यारीत नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे येतात. सीबीएसई शाळांचा संलग्नता क्रमांकही निराळा असतो. विद्यार्थ्याचा पेन म्हणजे कायम शिक्षण क्रमांक हा मुलाचा असतो, शाळेचा नव्हे. शाळा बदलली तरी पेन तोच राहतो. जुन्या शाळेने नोंद मोकळी केल्यावर नवी शाळा पेन वापरून ती आपल्याकडे घेते.

नव्या शाळेने काय करावे?

कोड मागण्यापूर्वी शाळेला परवानगी हवी. खासगी स्वयंअर्थसहाय्यित शाळांना ती २०१२ च्या महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमानुसार मिळते. परवानगीची प्रत, संस्थेची नोंदणी, पत्ता, माध्यम आणि वर्गांची माहिती जोडून मागणी शिक्षण विभागाकडे करायची असते. ग्रामीण भागात ती पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयामार्फत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते. पडताळणीनंतर कोड संगणक प्रणालीतून तयार होतो. तो शाळेने स्वतः ठरवायचा नसतो आणि दुसऱ्या शाळेचा वापरायचाही नसतो.

कोड म्हणजे मान्यता नव्हे

पालकांचा सर्वात मोठा गैरसमज इथेच होतो. यू-डायस ही माहिती गोळा करण्याची व्यवस्था आहे. तिची सुरुवात १९९० च्या दशकात 'डायस' या नावाने झाली, २०१२-१३ पासून पहिली ते बारावीची माहिती एकत्र आली आणि २०१८-१९ मध्ये यू-डायस प्लस आले. या व्यवस्थेत व्यवस्थापनाच्या प्रकारांत 'मान्यता नसलेली' असाही एक प्रकार आहे. म्हणजे कोड असलेली शाळा अनधिकृत असू शकते.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेविना शाळा चालवल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. त्यानंतरही ती सुरू ठेवल्यास दररोज १० हजार रुपयांपर्यंत दंड होतो. मात्र शाळा बंद झाल्यास खरी धावपळ पालकांचीच होते. त्यामुळे प्रवेशाची फी भरण्यापूर्वी या तीन गोष्टी तपासाव्यात:

- संकेतस्थळावर शाळा सुरू असल्याची नोंद आणि व्यवस्थापनाचा प्रकार
- शासनाच्या मान्यतेचे प्रमाणपत्र आणि त्यातील वर्ग
- मंडळाची संलग्नता, आणि ती कोणत्या इयत्तेपर्यंत आहे

शंका असल्यास प्राथमिक वर्गांसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि नववीपासून पुढे शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी.