एक भोक, तीन दावेदार

इतिहासाच्या पुस्तकांत लढायांची कारणं दिलेली असतात: राज्य, जमीन, वारसा, नाहीतर नुसताच अपमान. जव्हारच्या आमच्या घरात १९९० नंतर जी लढाई झाली, तिचं कारण यांत कुठेच बसत नाही. आमच्या टीव्हीला पाठीमागे अँटेनाचं एकच भोक होतं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. आमच्या घरी पोचायला त्याला बरीच वर्षं लागली. छपरावर बांबू, बांबूवर अँटेना, अँटेनावर कावळा आणि तिथून निघालेली चपटी वायर त्या भोकात. "आलं का?" अण्णा कौलांवरून ओरडायचे. "माणसं आलीत, तोंडं यायचीत!" आई खालून सांगायची.

पुढे दादाने लॅमिंग्टन रोडवरून व्हिडिओ गेमचं यंत्र आणलं. जपानच्या निन्टेन्डोने १९८३ साली फॅमिकॉम काढला होता, त्याची ही स्वस्त नक्कल. मी रडलो, म्हणून मोखाड्याच्या मामाने मला कुणाचं तरी वापरलेलं, नुसता चेंडू टोलवायचं यंत्र आणून दिलं. झाले तीन दावेदार: अण्णांच्या बातम्या, दादाची मारामारी, माझा चेंडू.

आता ही यंत्रं त्याच भोकात का जायची? तर आमच्या त्या टीव्हीला अँटेनातून आलेल्या लहरींखेरीज दुसरी भाषाच कळत नसे. म्हणून गेमच्या यंत्राला दूरदर्शन केंद्राचं सोंग घ्यावं लागे. आपलं चित्र एका ठराविक चॅनेलच्या लहरीवर चढवून ते वायरीतून धाडायचं. राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून अमेरिकेत 'ओडिसी' नावाचा घरगुती गेम विक्रीला आला तो १९७२ सालीच, म्हणजे आमच्या मुंबई केंद्राचा तो जुळा भाऊ. त्याच्याबरोबर खटक्याची एक डबी मिळे. खटका इकडे केला की अँटेना, तिकडे केला की गेम. शिवाय गेमची लहर अँटेनातून शेजाऱ्याकडे निसटू नये, हेही काम डबीचंच.

आमच्याकडे डबी नव्हती, बुद्धी होती. मी तिन्ही वायरी सोलल्या, एकत्र पिळल्या आणि भोकात खुपसल्या. दोन्ही यंत्रं एकाच चॅनेलवर बोलणारी. दादाचा शिपाई माझ्या चेंडूत विरघळला आणि पडद्यावर नुसती भेळ झाली. थोड्या वेळाने शेजारचे काका दारात. "तुमच्याकडे काही उडतंय का हो? आमच्या टीव्हीत दिसतंय."

दुसऱ्या दिवशी दादा नोकरीसाठी मुंबईला जायचा होता. "शेवटचा एक डाव," तो म्हणाला. "माझा आधी," मी म्हणालो. त्याने ओढलं, मी ओढलं, आणि भोक मुळासकट माझ्या हातात आलं. दादा न बोलता गेला.

अण्णांनी मारलं नाही. ते मला मोखाड्याला बोहाडा बघायला घेऊन गेले. रात्रभर संबळ वाजत होता. एकेक सोंग मुखवटा चढवून येई, नाचे आणि पुढच्याला जागा देऊन निघून जाई. पहाटे अण्णा म्हणाले, "बघ, जागा एकच आहे. यांना कुणी डबी दिलीय?"

आता जिल्हासुद्धा ठाण्यातून फुटून २०१४ साली पालघर झाला. माझ्या टीव्हीला एचडीएमआयची तीन भोकं आहेत आणि मुलांची यंत्रं चार. म्हणजे हिशेब तोच. परवा डबी आणायला गेलो, तर स्विच आणि स्प्लिटर दिसायला सख्खे भाऊ. स्विच चारांतला एक निवडतो. स्प्लिटर एकच चित्र चार टीव्हींना वाटतो. अर्थातच मी स्प्लिटर घेऊन आलो. चार टीव्ही विकत घ्या, असं मुलांचं म्हणणं पडलं.

शेवटी स्विच आणला. मुलांची चारही यंत्रं मी त्या एका डबीवर कोंबली आहेत. दोन भोकं उरली. एक सेट-टॉप बॉक्सला दिलं. दुसऱ्याला जुन्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरी एचडीएमआयला जोडणारा कन्व्हर्टर लावून ठेवलाय. दादा दिवाळीला येतो, तेव्हा माळ्यावरचं त्याचं यंत्र मी त्यावर लावतो. पहिला डाव त्याचा. तो हरेपर्यंत मी बोलत नाही.